मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने किती किलोमीटर, किती तास? आणि तिकिटावर जाताना साडेपाच, येताना पंचवीस तास का दिसतात?

आधी प्रश्न काय होता ते थोडक्यात सांगते. साताऱ्याचे आईबाबा जानेवारीत पहिल्यांदाच मुलीकडे न्यू जर्सीला चाललेत, मुंबई ते न्यूयॉर्क डायरेक्ट विमान आहे. तिकिटावर मुंबईहून रात्री १.३० ला सुटून त्याच तारखेला सकाळी ७ ला पोचतंय, आणि परतीचं विमान सकाळी ११.३० ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३० ला मुंबईत. बाबांनी वहीत वजाबाकी केली तर जाताना साडेपाच तास आणि येताना पंचवीस. वर नेटवर बघितलं तर अंतर एका ठिकाणी १२,५३० किमी, दुसरीकडे ७,७८७ मैल, तिसरीकडे ६,७६६ मैल. यातलं खरं काय आणि आईबाबा नक्की किती तास बसून राहणार, गोळ्यांचं कसं करायचं, असं मुलीने विचारलंय.

मी बावीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचर म्हणून काम केलं, त्यातली शेवटची बारा-तेरा अमेरिकेच्या फ्लाइट्सवर. डिस्पॅचर म्हणजे विमान सुटायच्या आधी मार्ग कुठून न्यायचा, इंधन किती भरायचं, वजन किती चालेल हे जमिनीवर बसून ठरवणारा माणूस, त्या कागदावर कॅप्टनबरोबर त्याचीही सही असते. त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे आणि बाबांनी वही काढून हिशोब केला हे वाचून मला फार बरं वाटलं.

उत्तर आधी देऊन टाकते. सरळ अंतर साधारण १२,५३० किमी. जायला सोळा तासांच्या आसपास, यायला साडेचौदाच्या आसपास. बाबांची वजाबाकी बरोबर आहे, फक्त दोन्ही टोकांची घड्याळं वेगळी आहेत. थंडीत न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. रात्री दीड वाजता मुंबईहून निघालात तेव्हा न्यूयॉर्कात आदल्या दिवशीचे दुपारचे तीन वाजलेत, तिथून सकाळी सातपर्यंत मोजा, सोळा तास. परतीला सकाळी साडेअकरा म्हणजे आपले रात्रीचे दहा, तिथून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारा, साडेचौदा तास. म्हणजे साडेपाचमध्ये साडेदहा मिळवायचे आणि पंचवीसमधून साडेदहा वजा करायचे, झालं. उन्हाळ्यात मात्र हाच फरक साडेनऊ होतो, कारण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. विमान कंपन्यांचं उन्हाळी वेळापत्रक मात्र मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं, त्यामुळे मार्चमधले ते मधले दोन-तीन आठवडे वेळा अशा काही सरकतात की दरवर्षी कुणीतरी फोन करतंच, ताई विमान तासभर लेट केलं का म्हणून. मार्चचं तिकीट असेल तर तारीख बघूनच हिशोब करा.

मैलांचा गोंधळ तर अगदी साधा आहे. ७,७८७ हे आपले रस्त्यावरचे मैल आणि ६,७६६ हे नॉटिकल मैल, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी. विमानात आणि जहाजात सगळं नॉटिकलमध्येच चालतं. दोन्ही आकडे गुणून बघा, १२,५३० च्या जवळच येतील. थोडाफार फरक राहतो तो दोन कारणांनी, एक तर कोणी पृथ्वी पूर्ण गोल धरतं आणि कोणी ध्रुवांपाशी चपटी धरतं, आणि दुसरं म्हणजे न्यूयॉर्कला केनेडी विमानतळ धरलाय की नेवार्क, त्या दोघांत तीसेक किलोमीटर आहेत.

आता हे सरळ अंतर म्हणजे काय ते जरा सावकाश सांगते कारण सगळी गंमत इथेच आहे. भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडा, रेघ अरबस्तान, आफ्रिकेचा वरचा भाग आणि अटलांटिक असा पार करून जाते, आणि लोकांना वाटतं विमान असंच जात असणार. त्या रेघेवरून खरंच गेलात तर जवळजवळ १४,२०० किमी होतील. आता घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. ढिला असताना तो आफ्रिकेवर लोळत असतो, ताणला की आपोआप घसरत घसरत वर जातो आणि पार आइसलँडवर जाऊन बसतो. तोच सगळ्यात जवळचा रस्ता. मुंबईहून तो पश्चिमेला निघतच नाही, निघतो उत्तरेला थोडा डावीकडे झुकून, मग सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम कोपरा, रशियात सेंट पीटर्सबर्गच्या जवळून, स्वीडन, नॉर्वे, आइसलँडचा दक्षिण भाग, ग्रीनलँडच्या खालच्या टोकाला जेमतेम चुकवून कॅनडाचं लॅब्राडोर, क्वेबेक, आणि मग न्यूयॉर्कात उत्तरेकडून उतरतो. सगळ्यात वर गेलेला बिंदू जवळपास ६५ अंश उत्तर. माझ्या भाच्याला हे दोऱ्याने करून दाखवलं होतं, तो नंतर आठवडाभर घरातल्या प्रत्येकाला बोलावून दोरा ताणायला लावत होता.

पण हा झाला कागदावरचा रस्ता, विमान तसंच्या तसं कधीच जात नाही. आणि माझं इतक्या वर्षांचं मत हेच आहे की किलोमीटरवरून तास काढायला जाऊच नये, कारण किलोमीटर जमिनीचे असतात आणि वेळ ठरतो वाऱ्यावर आणि कुणाचं आकाश उघडं आहे त्यावर.

आधी आकाशाचं बोलते. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश बंद आहे. त्यानंतर रशियाचं आकाश अमेरिकन आणि युरोपियन कंपन्यांना बंद झालं, भारतीय कंपन्यांना उघडं राहिलं. म्हणजे त्याच दोन शहरांमध्ये एका कंपनीला जो रस्ता मिळतो तो दुसरीला मिळत नाही. मग २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आकाश बंद केलं आणि ती बंदी महिन्यामहिन्याने वाढत गेली. याचा फटका दिल्लीहून निघणाऱ्या विमानांना जास्त, कारण त्यांना आधी खाली गुजरातकडे येऊन मग समुद्रावरून वळसा घ्यावा लागतो. मुंबईचं विमान मुळात समुद्राकाठावरच आहे, ते सरळ अरबी समुद्रावर निघतं आणि ओमान किंवा इराणकडे वळतं, त्यामुळे आपला वळसा कमी. जून २०२५ मध्ये इराणचंही आकाश काही दिवस बंद होतं, तेव्हा सौदीकडून इजिप्त वगैरे करत जावं लागायचं. असं काही झालं की नोटॅम निघतो, म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना, आणि डिस्पॅचच्या खोलीत सगळ्यांचे चहाचे कप तसेच थंड होतात कारण जी विमानं आधीच हवेत आहेत त्यांचाही रस्ता बदलायचा असतो. तर एकूण १२,५३० चे प्रत्यक्षात साधारण १३,००० किमी होतात असं धरून चला, कधी त्याहून जास्त.

आता वारा. इथे लोकांचा एक गैरसमज फार आहे, की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणजे पश्चिमेला जाताना न्यूयॉर्क आपल्याकडे येत असणार, मग लवकर पोचायला हवं. तसं नसतं, हवा पण पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान हवेत आहे. खरा फरक पाडतो तो जेट स्ट्रीम, दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वाऱ्याचा पट्टा. थंडीत उत्तर ध्रुवाकडची हवा आणि खालची उबदार हवा यातला तापमानाचा फरक वाढतो म्हणून जेट स्ट्रीमचा जोर पण वाढतो, ताशी २०० किमी तर सहज, कधी ३०० च्या पुढे. ९ फेब्रुवारी २०२० ला सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, एरवी तिथे साडेसहा तास लागतात. त्याच दिवशी उलट दिशेने जाणाऱ्यांचं काय झालं असेल याचा विचार करा.

साधं गणित करून दाखवते. मोठं विमान, म्हणजे बोइंग ७७७ वगैरे, त्या उंचीवर वारा नसेल तर ताशी साधारण ९०० किमी जातं. १३,००० किमीच्या रस्त्यावर सरासरी ५० किमीचा वारा समोरून असेल तर जमिनीवरचा वेग ८५०, म्हणजे सव्वापंधरा तास. तोच वारा पाठीमागून आला की ९५०, पावणेचौदा तासांच्या थोडं आत. दोन्हीकडे धावपट्टीपर्यंत रांगेत जाणं, चढणं, उतरणं, उतरल्यावर गेटपर्यंत येणं याची पाऊणएक तास भर घाला. आले बघा तिकिटावरचे सोळा आणि साडेचौदा. सरासरी ५० ऐकायला कमी वाटतं पण हा सगळ्या प्रवासाचा मिळून आहे, मध्ये दोन-तीन तास दीडशेचा वारा तोंडावर असतो आणि बाकी ठिकाणी काहीच नसतो, आणि आमचं निम्मं काम तो दीडशेचा पट्टा चुकवणं हेच.

म्हणूनच कधी कधी लांबचा रस्ता लवकरचा ठरतो. याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्कोचं आहे. एअर इंडिया आधी अटलांटिकवरून जायची, साधारण १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी तेच विमान उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून नेलं, अंतर झालं १५,३०० किमी आणि पोचलं साडेचौदा तासांत, म्हणजे १,४०० किमी जास्त जाऊन सुद्धा आधीपेक्षा लवकर, कारण पूर्ण रस्ताभर वारा पाठीशी. न्यूयॉर्कला हा पर्याय नाही, ते उलट्या बाजूने फारच लांब पडतं, त्यामुळे आपल्याला जाताना वाऱ्याशी भांडतच जावं लागतं.

इंधनाचं पण सांगते, कारण सोळा तासांच्या प्रवासात तो काही किरकोळ भाग नाही. ७७७-३०० ईआर चं जास्तीत जास्त उड्डाणवजन साधारण ३५१ टन, आणि अशा प्रवासाला त्यातलं १२० टनांच्या आसपास फक्त इंधन असतं. आणि एक टन जादा इंधन घ्यावं म्हटलं तर पोचेपर्यंत त्यातलं तिसरा हिस्सा ते निम्मं त्याचंच ओझं वाहण्यात जळून जातं, म्हणून आम्ही उगाच घेत नाही, मोजून घेतो. एका जानेवारीत अटलांटिकवर सलग तीन रात्री इतका वारा होता की प्लॅन काढला की पावणेसतरा तास येत होते. रात्री अकराला मी वेगवेगळ्या मार्गांचे चार प्लॅन काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते, पेनाने इंधनाच्या आकड्यावर गोल केलेले, आणि चारही मार्गांनी वजन जास्तच होत होतं. शेवटी कार्गोतला चार टन माल खाली ठेवला तेव्हा विमान निघालं. प्रवाशांना यातलं काही कळत नाही, त्यांना फक्त वीस मिनिटं उशीर दिसतो.

मुंबईहून ही विमानं मध्यरात्रीनंतरच का निघतात असंही बरेच जण विचारतात. एक कारण म्हणजे तिकडे सकाळी पोचलं की पुढची कनेक्शनं मिळतात. दुसरं कारण वजनाचंच आहे, दुपारच्या गरम हवेत पंखांना उचल आणि इंजिनाला जोर कमी मिळतो, रात्री हवा जरा थंड असते तेव्हा तेवढ्याच धावपट्टीवरून जास्त वजन उचलता येतं.

अटलांटिकवर रोज दोनदा त्या दिवसाच्या वाऱ्याप्रमाणे मार्ग आखले जातात, कॅनडाचं गँडर आणि ब्रिटन-आयर्लंडचं शॅनविक ही केंद्रं ते काम करतात. रात्री अमेरिकेहून युरोपकडे येणाऱ्यांची रांग असते आणि आपलं विमान नेमकं त्याच सुमाराला उलटं जात असतं, त्यामुळे बहुतेक वेळा आम्ही ते त्या गर्दीच्या वरून, उत्तरेकडून काढायचो. मध्ये काही झालं तर उतरायला आइसलँडचं केफ्लाविक, कॅनडातलं गूस बे, गँडर असे विमानतळ प्लॅनमध्ये आधीच लिहिलेले असतात. बाबांना सीटसमोरच्या नकाशावर विमान बर्फाच्या दिशेने चाललेलं दिसलं तर काळजी नको.

कुणी म्हणेल मग मध्ये थांबून जाणं बरं नाही का, डायरेक्टपेक्षा अंतर फार वाढतं का? अजिबात वाढत नाही. मुंबई ते लंडन ७,२१० किमी आणि लंडन ते न्यूयॉर्क ५,५४०, बेरीज १२,७५०, म्हणजे सरळ अंतरापेक्षा फक्त सव्वादोनशे किमी जास्त, कारण एवढ्या लांबच्या प्रवासात त्या ताणलेल्या दोऱ्यापासून थोडं बाजूला गेलं तरी अंतर फारसं वाढत नाही. दुबईहून गेलात तरी चारशेच्या आसपासच वाढतात. वेळ मात्र मधल्या विमानतळावरचे तीन-चार तास आणि दोनदा चढणं-उतरणं यात जातो. तुमच्या आईबाबांना पहिल्यांदाच जायचंय, इंग्रजीची सवय नाही, तर मी डायरेक्टच सांगेन, दहा हजार रुपये जास्त गेले तरी चालतील. ज्यांचे गुडघे सोळा तास बसू देत नाहीत त्यांनी मात्र मध्ये थांबावं, तेव्हा दोन फ्लाइट्समध्ये किमान तीन तास ठेवा, दीड तासाचं कनेक्शन तिकीट देणारी साइट दाखवते म्हणून घेऊ नका.

तिकिटावरची वेळ म्हणजे ब्लॉक टाइम, विमान गेटवरून ढकललं त्या क्षणापासून तिकडच्या गेटला उभं राहीपर्यंत. हवेतला वेळ यापेक्षा कमी असतो. त्यामुळे उशिरा सुटलेलं विमान पण कधी कधी वेळेवर पोचतं, कंपन्या थोडा वेळ राखून ठेवतात.

आता गोळ्या, कारण मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जानेवारीत या फ्लाइटमध्ये एक विचित्र गोष्ट होते, रात्री दीडला निघाल्यावर विमान उजेडाच्या पुढे पुढे पळत राहतं आणि पूर्ण सोळा तास बाहेर अंधारच असतो, सूर्य दिसतच नाही. (उजवीकडची खिडकी मिळाली आणि नशीब असेल तर वर उत्तरेला हिरवट उजेड दिसतो, तो बघायला विसरू नका.) जेवण येतं, झोप होते, परत जेवण येतं, पण रात्र संपत नाही, त्यामुळे सकाळची गोळी, रात्रीची गोळी या शब्दांना काही अर्थच राहत नाही. माझी आई पहिल्यांदा गेली तेव्हा तिने रक्तदाबाची सकाळची गोळी न्यूयॉर्कला सकाळ झाल्यावर घेतली, म्हणजे आधीच्या गोळीनंतर जवळजवळ पस्तीस तासांनी, आणि उतरल्यावर चक्कर येऊन बसली. पुढच्या वेळी मी तिच्या डबीवर सकाळ-संध्याकाळ खोडलं आणि कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, भारतातले सकाळी ८, भारतातले रात्री ८, आणि घड्याळ बदलायचं नाही असं बजावलं. तुम्ही पण तसंच करा, पण इन्सुलिन किंवा रक्त पातळ करायची गोळी असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना तिकिटावरच्या वेळा दाखवून लिहून घ्या, तिथे आपल्या अंदाजाने करू नका. गोळ्या हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट. चेक-इन बॅगेत नको.

येतानाचं उलटं असतं, सकाळी साडेअकराला निघून तीनेक तासांतच संध्याकाळ होते आणि अरबस्तान-इराणच्या आसपास पुन्हा उजाडतं, ती रात्र छोटी असते आणि झोप अर्धवट राहते, तेव्हा मुंबईत उतरल्यावर लगेच साताऱ्याची गाडी स्वतः चालवत घेऊन निघू नये, एवढं बाबांना नक्की सांगा.

तुम्ही सात वाजता विमानतळावर उभ्या राहणार म्हणताय. निघायच्या आधी विमान ट्रॅक करणाऱ्या कुठल्याही ॲपवर फ्लाइट नंबर टाका, हवेत गेल्यावर जी उतरायची वेळ दिसते ती त्या रात्रीच्या वाऱ्याप्रमाणे असते, तिकिटापेक्षा तिच्यावर विश्वास ठेवा. आणि उतरल्यावर इमिग्रेशन, सामान यात तास ते दोन तास सहज जातात.

बाबांच्या हातातलं घड्याळ भारताच्या वेळेवरच राहू द्या. रात्री दीडला निघाले, विमान गेटला लागेल तेव्हा त्यात संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील आणि खिडकीबाहेर न्यूयॉर्कात नुकतं उजाडायला लागलेलं असेल. दीड ते साडेपाच, सोळा तास, वहीतल्या वजाबाकीत तेवढंच लिहायचं राहिलं होतं.